दिव्याशेजारचा दिवा

हिरव्या रंगाची ती पट्टी आता माझ्या टेबलावर असते. वाशिमच्या खोलीत, खिडकीपाशी, वाचायच्या पुस्तकांच्या शेजारी. वीतभराहून बरीच आखूड, दोन बोटं रुंद. अंगावर काळे चौकोन ओळीनं बसवलेले आणि खालच्या कडेला बारीक सोनेरी दात. नाकाजवळ धरली तर त्या दातांना अजून खोडरबराचा वास येतो. शाळेजवळच्या दुकानात मिळायचा त्या गुलाबी, सुगंधी खोडरबराचा. माणूस गेल्यावर कुणी त्याचा सदरा जवळ ठेवतं, कुणी घड्याळ. माझ्याकडे कॉम्प्युटरमधली ही रॅम आहे.

अमोल माझा धाकटा भाऊ. मंगरूळपीरच्या अलीकडे आमचं गाव. वडील आम्ही शाळेत असतानाच गेले. शेत आधी आईनं सांभाळलं, मग अमोलनं, आणि मी शिकत शिकत वाशिमला गेले, एका कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरीला लागले. शनिवारी दुपारच्या एसटीनं घरी यायचं आणि सोमवारी सकाळच्या एसटीनं परत जायचं. हे अजून तसंच चालू आहे. बस गावाच्या वळणावर हळू होते, तेव्हा मी अजून डाव्या बाजूला पाहते. तिथं तो मोटरसायकल आडवी लावून, एक पाय टेकवून उभा असायचा.

घराच्या मागच्या अंगाला तुरीची पोती ठेवायची एक खोली आहे. त्या खोलीत त्यानं त्याचा गेमिंगचा कॉम्प्युटर थाटला होता. मंगरूळपीरला बसस्टँडजवळ इरफानचं दुरुस्तीचं दुकान आहे. इरफान त्याचा कॉलेजपासूनचा मित्र. दोघांनी जुने-नवे भाग जमवून तो उभा केला होता. काळी, उंच पेटी. तिच्या मागच्या बाजूची एक पट्टी कधी बसलीच नाही, तिथं बोटभर फट राहिली ती राहिलीच. खोलीत तुरीचा कोरडा, किंचित कडू वास, पोत्यांच्या सुतळीचा वास, आणि त्यात कॉम्प्युटर तापला की येणारा गरम धुळीचा वास. हे तीन वास एकत्र मी जगात दुसरीकडे कुठं घेतलेले नाहीत.

सोयाबीन काढायचे दिवस आले की गावावर एक पिवळट धूर तरंगायचा. थ्रेशर दिवसभर घरघरायचं आणि कुटार, म्हणजे शेंगांचा भुसा, उडायचं. संध्याकाळी अमोल घरी यायचा तो पापण्यांपर्यंत पिवळा होऊन. आई त्याला अंगणातच उभा करून त्याच्या अंगावर पाणी ओतायची. पण ती धूळ दाराच्या फटीतून यायची, पोत्यांवर बसायची, आणि त्या काळ्या पेटीतही शिरायची. मग एखाद्या दिवशी कॉम्प्युटर चालू करताना तो नुसत्या लांब शिट्ट्या मारायचा. पडदा काळा, आणि पोटातून शिट्टी. मला तो आवाज आवडायचा नाही. अंधारात कुणीतरी आपल्याला ओळखत नाही, असं सांगत असल्यासारखा तो वाटायचा.

"ताई, रबर दे," अमोल म्हणायचा.

पेटीचं झाकण काढून तो आतली हिरवी पट्टी अलगद उपसायचा. सोनेरी दात खोडरबरानं घासायचा, फार जोरात नाही, पाटीवरचं एखादं चुकलेलं अक्षर पुसावं तसं. मग पेटीच्या तोंडाशी तोंड नेऊन फुंकर मारायचा. धूळ उसळून त्याच्याच तोंडावर यायची आणि तो शिंकायचा. इरफान असला की चिडायचा. "लेका, थुंकी जाते आतमंदी. दुकानातून ब्लोअर घेऊन जात जा ना, फुकट देतो." अमोल पुन्हा फुंकर मारायचा. एकदा पट्टी जागेवर कट्ट आवाज करून बसली की शिट्टी थांबायची, आणि पंखा फिरायला लागायचा.

खंडेनवमीला विळे, कुदळ, फवारणीचा पंप धुऊन पुसून ओट्यावर मांडले जायचे. त्यांच्या रांगेत शेवटी ती काळी पेटीही असायची. आई तिच्या कपाळाला, म्हणजे जिथं तिचा दिवा लुकलुकायचा त्याच्या वर, हळदकुंकवाचं बोट लावायची. झेंडूचं फूल वर ठेवायची. "हेही अवजारच हाये म्हणे," ती मला सांगायची. "काय पिकते याच्यात, ते इचार."

त्याच्यात बर्फ पिकायचा. वैशाखात बाहेर पत्रे तापून कडकड वाजत असायचे, कूलरमधल्या वाळ्याचा ओला वास खोलीभर पसरलेला असायचा, आणि अमोल उघड्या अंगानं बसून बर्फात चाललेला असायचा. एकटा माणूस, ओसाड मुलूख, सगळीकडे हिम. लाकडं तोडायची, जाळ करायचा, खायला शोधायचं आणि अंधार पडायच्या आत छपराखाली पोचायचं. एवढाच खेळ. शत्रू नाही, गोळीबार नाही. मी मागे उभी राहून पाहायचे तेव्हा मला त्या माणसाची फक्त पाठ दिसायची. राखाडी कोट, गळ्याभोवती लाल कापड, आणि बर्फात उमटत जाणारी पावलं. तो कधी तोंड फिरवायचाच नाही. मी एकदा विचारलं, याचा चेहरा कसा आहे? अमोल म्हणाला, मलेही माहीत नाई.

जेवताना तो आईला रोजची हकीकत सांगायचा. आज ससा सापडला. आज वादळात फसलो. आई भाकरी मोडता मोडता ऐकायची. "इथं सांगतलं तर बंबासाठी एक लाकूड फोडत नाई," ती म्हणायची, "आन् तिकडं परक्या मुलखात मोळ्याच्या मोळ्या फोडून राह्यला." पण थोड्या वेळानं हळूच विचारायची, "जेवला का मंग तो?"

तो जेवला की अमोललाही वाढायची, असं मी थट्टेनं म्हणायचे.

रॅमचा विषय त्या दिवसांत कायम चालायचा. खेळ मोठा, पट्टी लहान. थोडं लांब चाललं की माणूस अडखळायचा. आईनं एकदा विचारलं, हे रॅम म्हणजे काय असते? अमोलनं तिला खळ्याचा दाखला दिला. पोती कोठारात असतात, ती राहतात. पण काम करायचं तर माल खळ्यावर पसरावा लागतो. खळं लहान असलं की मळणी अडते. आणि कॉम्प्युटरचं खळं असं आहे, की वीज गेली की झाडून स्वच्छ. दाणा उरत नाही. आईला हे पुरतं समजलं. मला पुस्तकात वाचूनही इतकं समजलं नव्हतं.

इरफान म्हणायचा, आहे तिच्या शेजारी तसलीच जुनी एक शोधून बसव, काम भागेल. अमोलला नवी, मोठी जोडी हवी असायची. मग तोच म्हणायचा, जुनी बाहेर काढायची म्हणजे, चांगली चालते तर खरी. जुनी ठेवून शेजारी नवी बसवली तर? तर नवी जुनीच्या चालीनं चालणार, इरफान सांगायचा. कितीही दमाची असू दे. त्यांचा हा वाद दोन दिवाळ्या चालला. शेवट ठरलेला असायचा. सोयाबीन निघू दे, मग पाहू.

तोवर अमोलनं एक सवय लावून घेतली. चालू करताना शिट्ट्या नकोत, म्हणून तो कॉम्प्युटर बंदच करायचा नाही. झोपवून ठेवायचा. एक बटण दाबलं की पडदा काळा व्हायचा, पंखा थांबायचा, आणि फक्त समोरचा पांढरा दिवा हळूहळू उजळायचा, हळूहळू मालवायचा. खळ्यावरचा माल तसाच पसरलेला. लाइट गेली तर टेबलाखालची बॅटरी आणि घरचा इन्व्हर्टर तो दिवा धरून ठेवायचे.

आषाढात तो गेला. कसा, ते मी इथं लिहीत नाही.

त्याच्या खोलीत, पोत्यांच्या पुढ्यात, आमच्याकडच्या रीतीप्रमाणं दिवा ठेवला. दहा दिवस तो मालवू द्यायचा नसतो. तेलाची वाटी शेजारी, आणि कुणीतरी सतत बसून. आईची मोठी बहीण, आमची मावशी, अनसिंगहून आली होती. ती बहुतेक वेळ बसायची. दिव्यापाशी परातीत ज्वारीचं पीठ चाळून, हातानं सारखं करून ठेवायचं आणि वर टोपली झाकायची, हेही तिनंच केलं. गेलेला माणूस कुठल्या रूपानं गेला, ते त्या पिठावर उमटतं म्हणतात. पक्ष्याचं पाऊल, नाहीतर मुंगीची रांग, नाहीतर बाळाचा तळवा.

इरफान रोज यायचा. एका दुपारी तो कॉम्प्युटरकडे पाहत म्हणाला, हे बंद करून टाकू का? मावशीनं मान वर केली. अंधाऱ्या खोलीत दोन उजेड होते. एक तेलाचा, स्थिर. दुसरा पांढरा, श्वास घेतल्यासारखा कमीजास्त होणारा. तिनं बराच वेळ दोन्हींकडे पाहिलं आणि विचारलं, "हा त्यानं सोताच्या हातानं लावला होता का?"

इरफान म्हणाला, हो.

"मंग राहू दे. दिव्याशेजारचा दिवा हाये. मालवू नका."

कुणी वाद घातला नाही. त्या घरात तेव्हा कुणी कशावरच वाद घालत नव्हतं. दहाव्या दिवशी टोपली उचलली. आम्ही सगळ्यांनी वाकून पाहिलं. पीठ जसं सारखं केलं होतं तसंच होतं. गुळगुळीत, कोरं. मावशी म्हणाली, होते कधी कधी असं. आई टोपली हातात धरून कितीतरी वेळ तशीच वाकून राहिली होती. जणू थोडा वेळ दिला तर उमटेल.

तेलाचा दिवा रीतीप्रमाणं शांत केला. पीठ नदीला गेलं. दुसऱ्या दिव्याचं काय करायचं, याची रीत कुणालाच माहीत नव्हती. तो राहिला.

त्या पावसाळ्यात आणि पुढच्या हिवाळ्यात मी घरी गेले की संध्याकाळी आई मागच्या खोलीत दिसायची. देवाजवळ दिवा लावून झाला की ती तिकडे जायची. कळफलक पदरानं पुसायची. पडदा उजळायचा. त्यावर अमोलनं शेवटी थांबवून ठेवलेला तो माणूस, करड्या पडद्याआड गेल्यासारखा, पाठमोरा. गोठलेल्या तळ्याच्या काठावर उभा. पलीकडच्या काठाला उंच झाडांत एक छप्पर. बर्फाचे कण हवेतच थांबलेले. आई उदबत्ती संपेपर्यंत बसायची, मग अमोल दाबायचा तेच बटण दाबायची. घरात एक फोटोही होता, हार घातलेला. तिकडे ती फारशी पाहायची नाही.

फाल्गुनातल्या एका संध्याकाळी तिचा फोन आला. मी वाशिमला खोलीत होते, दिवे नुकतेच लावले होते. ती नेहमी आधी विचारायची, जेवली का. त्या दिवशी तिनं ते विचारलं नाही.

"बाई," ती म्हणाली, "अमोल हालून राह्यला."

तिचा आवाज घाबरलेला नव्हता. रडवेलाही नव्हता. पाहुणा आला, हे सांगावं इतका साधा होता.

शनिवारी गेले तेव्हा पाहिलं. पुसताना कुठलीतरी कळ दाबली गेली होती आणि थांबवलेला खेळ सुटला होता. करडा पडदा गेला होता. बर्फ पडत होता. तो माणूस तिथंच उभा होता, पण त्याचे खांदे वरखाली होत होते. तोंडासमोर वाफ येत होती. मधूनच तो दोन्ही हात एकमेकांवर चोळायचा, एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर घ्यायचा. बाहेर उन्हाळा लागला होता, भिंती संध्याकाळीही गरम होत्या, आणि आई अंगाभोवती पदर ओढून बसली होती.

"थंडी वाजून राह्यली त्याले," ती म्हणाली.

मी म्हटलं, आई, तो असाच बनवलेला असतो. कुणी चालवलं नाही तर उभा राहून असं करतो.

"माहीत हाये मले," ती म्हणाली. "अमोलनं सांगतलं होतं."

पुन्हा थांबवून ठेवू का, म्हणून मी विचारलं. तिनं माझा हात धरला. इतके महिने तो श्वास न घेता उभा होता, तिच्या मते तेवढं पुरे झालं होतं.

त्यानंतर मात्र घरी जाताना मला कसंतरी व्हायला लागलं. बसमध्ये पुस्तक उघडायचं आणि पान उलटायचंच नाही. खोलीत शिरलं की आधी कानावर पंख्याची घरघर, मग नाकात गरम धुळीचा वास, मग तो. त्याची पावलं होती तिथंच. मागून आलेली, त्याच्यापाशी येऊन थांबलेली. अमोलनं चालवलेली ती शेवटची पावलं. पडणारा बर्फ ती हळूहळू भरून काढत होता.

पडद्याच्या कोपऱ्यात एक लहानशी ताटली होती. आधी मी तिच्याकडे लक्ष दिलं नव्हतं. चैत्रात कधीतरी लक्षात आलं की तिच्यातला रंग खाली गेला आहे. पुढच्या खेपेला आणखी खाली. मग कडा लाल. ती त्याच्या भुकेची खूण होती; मला ते कळलं तेव्हा मी आईच्या शेजारीच बसले होते. आपण झोपवून ठेवतो तेव्हा तिथली वेळ थांबते. आपण पाहतो तेव्हाच ती चालते. आपण पाहतो तेव्हाच त्याला भूक लागते.

मी तिला ते सांगितलं. ती उठली, बटण दाबलं, आणि खोलीबाहेर गेली. त्या आठवड्यात ती मागच्या खोलीत गेली नाही. फोनवर रोज एवढंच सांगायची, आज नाई पाह्यलं मी. दिवा मात्र तिकडे उजळत होता आणि मालवत होता, दाराच्या फटीतून अंगणात दिसायचा, असं ती म्हणायची.

तिनंच इरफानला बोलावलं. तो आला, पडदा उजळून समोर बसला. त्यानं एक कळ दाबून पाहिली. माणूस एक पाऊल पुढं सरकला, अडकला, चित्र गोठलं. मग एकदम दोन पावलं पलीकडे दिसला. श्वासही तसाच, अर्ध्यात तुटणारा.

"रॅम भरली," इरफान म्हणाला. "इतके महिने बंदच नाई केला. कचरा साचत जाते."

"खळं भरलं," आई म्हणाली.

त्यानं समजावून सांगितलं. मोठी रॅम बसवली तर हा नीट चालेल. पण बसवायला कॉम्प्युटर पुरता बंद करावा लागेल, आणि बंद केला की खळ्यावरचं सगळं गेलं. उभा आहे तो माणूस गेला. झोपेची नक्कल डिस्कवर लिहून ठेवता येते, पण रॅम बदलल्यावर ती उठेलच असं नाही. खेळ स्वतः लिहून ठेवतो, पण फक्त एका ठिकाणी. तळ्यापलीकडचं ते छप्पर अमोलचं घर होतं. तिथं जाऊन निजलं की खेळ जपला जातो. आणि वाटेत मेला तर पहिल्या दिवसापासूनचं सगळं पुसलं जातं. काहीच उरत नाही. "त्याले असाच खेळ आवडे, काकू. मी म्हणो, सोपा लाव. तो म्हणे, मंग मजा काय."

पलीकडच्या काठापर्यंत तळं. पातळ बर्फ कुठं, जाड कुठं, हे अमोलला माहीत होतं. त्या लाल ताटलीत किती वेळ उरला आहे, हे कुणालाच माहीत नव्हतं.

आईनं इरफानला म्हटलं, तू ने त्याले. इरफाननं हात मागे घेतले. "मले नका सांगू. माझ्या हातून पडला, तर मी या घरात पुन्हा कसा येऊ?" मग रॅम शोधायला मात्र तो अकोल्याला जाऊन आला. ही जात आता दुकानात मिळत नाही, जुन्या सामानात धुंडाळावी लागते. दोन प्रकार घेऊन ठेवतो म्हणाला. लागेल ते ठेवा, उरलेलं मी नेतो.

वर्षश्राद्ध जवळ आलं होतं. ज्येष्ठातला शनिवार, ऊन उतरायची वेळ. आईनं हातपाय धुतले, केस बांधले, आणि अमोलच्या खुर्चीत बसली. इतके दिवस ती शेजारच्या पोत्यावर बसायची. कळफलकावर चालायच्या कळेचं अक्षर पुरतं घासून गेलेलं होतं. तिथं नुसता एक गुळगुळीत खळगा उरला होता. मी दाखवायच्या आधीच तिचं बोट तिथं गेलं.

"तू फक्त तोंड फिरव त्याचं," ती मला म्हणाली. "चालवतो मी."

मी माऊस धरला. ती दाबत राहिली. माणूस तळ्यावर उतरला. दोन पावलं, आणि चित्र गोठलं. आम्ही थांबलो. पुन्हा सुटलं. बर्फाखालून करकर आवाज यायचा, मग एक लांब, खोल आवाज, जमिनीत कुणी कण्हल्यासारखा. तो आला की आईचं बोट उचललं जायचं. आवाज विरला की परत टेकायचं. मध्येच तळ्यावर पांढऱ्याशिवाय काहीच दिसेना. वादळ होतं की यंत्राची नजर गेली होती, कळत नव्हतं. मी कुठल्या दिशेला त्याचं तोंड धरलं आहे, हेच मला समजेना. ताटलीतला लाल रंग नुसती रेघ झाला होता.

"डावीकडं," आई म्हणाली.

मी म्हटलं, तुला कसं माहीत?

"पावलं पाह्य."

पांढऱ्यात, आमच्या पुढं, पावलं होती. जुनी, अर्धी भरलेली, छपराच्या बाजूला गेलेली. अमोल कधीतरी त्या वाटेनं घरी गेला असेल, त्याचीच असतील. पण मागे काठावरची पावलं बर्फानं केव्हाच बुजली होती. ही का बुजली नव्हती, ते मला आजही सांगता येत नाही. मी इरफानला विचारलं नाही. आम्ही त्यांच्यावर पाऊल ठेवत गेलो.

मग पायऱ्या आल्या. दार आलं. आत विझलेली चूल, भिंतीला लावलेल्या लाकडांच्या मोळ्या, फळीवर वाळवलेलं मांस. ते पाहून आई पहिल्यांदा मोठ्यानं श्वास घेऊन म्हणाली, "लाकडं फोडून ठेवली होती पोट्ट्यानं." कोपऱ्यात खाट. खाटेपाशी नेल्यावर पडद्यावर प्रश्न उमटला, निजायचं का.

मी आईकडे पाहिलं. निजला की त्याला आज पाहणं संपलं, हे तिला माहीत होतं.

"आधी जेवू घाल," ती म्हणाली.

फळीवरचं त्याला दिलं. ताटलीत रंग चढला. मग तिनं मान हलवली. "आता निजू दे."

पडदा काळा झाला. खाली बारीक अक्षरांत जपून ठेवल्याचं लिहून आलं आणि गेलं. मी कॉम्प्युटर बंद केला, झोपवला नाही, बंद केला. पंखा थांबला. पांढरा दिवा एकदा उजळला, मालवला, आणि पुन्हा उजळला नाही. त्या खोलीत इतकी शांतता मी कधी ऐकली नव्हती. इन्व्हर्टरची गुणगुणही त्या दिव्यासाठीच चालू होती, असं वाटलं. आई उठून देवघरात गेली, आणि मला काडी ओढल्याचा आवाज आला.

दुसऱ्या दिवशी इरफान आला. पेटी ओट्यावर उजेडात आणली. त्यानं स्क्रू काढले, झाकण सरकवलं, आणि ब्लोअर हातात घेऊन तसाच थांबला.

"काकू, इकडं या जरा."

आत, पेटीच्या तळाशी, कुटाराची धूळ बसली होती. बोटभर, पिवळसर, चाळलेल्या पिठासारखी सारखी. आणि तिच्यावर पावलं होती. बारीक, पाच बोटांची, बाळाच्या तळव्याचं नखभर चित्र काढावं तशी. रॅमच्या खालून निघालेली, ओळीनं मागच्या त्या फटीपर्यंत गेलेली.

"पाल असल," इरफान हळू आवाजात म्हणाला. "गरम जागा शोधते ती. पण येतानाची पावलं कुठं हायेत?"

ती नव्हती. फक्त जाणारी होती.

आई गुडघ्यांवर बसली. परातीवर वाकली होती तशीच वाकली. खूप वेळ पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर मला आनंद दिसला नाही, दुःखही नाही; फक्त वाट पाहणं संपल्यावर माणसाचा चेहरा जसा सैल पडतो, तसा तो झाला. इरफाननं ब्लोअर पुढं केला. तिनं तो बाजूला सारला, पेटीच्या तोंडाशी तोंड नेलं, आणि फुंकर मारली. धूळ उसळली, तिच्या पापण्यांवर, केसांवर बसली. ओट्यावर एकदम सोयाबीनच्या दिवसांचा वास पसरला. ती शिंकली.

इरफान यावेळी थुंकीबद्दल काही बोलला नाही. त्यानं ओट्यावर दोन पुड्या मांडल्या. एकीत जुन्यासारखीच एक पट्टी, शेजारी बसवायला. दुसरीत नवी, मोठी जोडी. त्यानं माझ्याकडे पाहिलं, मी आईकडे.

"जुनी ठेवली तर नव्या तिच्याच चालीनं चालतीन ना?" तिनं विचारलं. तिला ते आठवत होतं. इरफान हो म्हणाला. "मंग काढ ते. किती दिवस धरून ठेवते बिचारी."

त्यानं हिरवी पट्टी उपसून माझ्या हातात दिली. नवी जोडी कट्ट, कट्ट बसली. चालू केल्यावर शिट्टी वाजली नाही. खेळाच्या पहिल्या पानावर पुढे चालू ठेवायची खूण उजळलेली होती. इरफान दाबणार होता. आईनं पडद्यावर पदर टाकला तसा त्याचा हात थांबला.

आता खंडेनवमीला ती पेटी ओट्यावर येते, हळदकुंकू घेते आणि परत जाते. आई गावातल्या पोरींना त्यावर अर्ज भरू देते, तेवढ्यापुरती ती चालू होते आणि बंद होते. आमच्या घरात आता काही झोपवून ठेवत नाहीत. खेळ आत आहे. तळ्यापलीकडच्या घरात, जेवून, तो निजला आहे. तिकडे बर्फ पडत असेल किंवा नसेल. मी शनिवारी जाते, आई पोत्यावर बसून तूर निवडत असते, कधी कधी मान वर करून काळ्या पडद्याकडे बघते आणि पुन्हा खाली घालते. उघड म्हणत नाही. मीही म्हणत नाही. आम्ही पाहत नाही, तोवर त्याला भूक लागत नाही.